‘वशीकार’ म्हणजे मन मारणे का?

प्रश्न : रत्नागिरीत आम्ही काही जण मिळून पातंजल योगसूत्रे वाचत आहोत. त्यांच्या पहिल्या भागातील, म्हणजे समाधिपादातील, १५व्या सूत्रातील ‘वशीकारसंज्ञा वैराग्यम्’ याचा अर्थ कुणी ‘मन मारणे’ असा करतात, तर काहींना वशीकरणाचे गंडेदोरे आठवतात. मराठीत नेमके काय म्हणावे?

उत्तर : वशीकरणात दुसऱ्याला वश करायचे असते आणि सूत्रात दुसरा कुणी नाहीच, तेव्हा तो अर्थ सोडून द्यावा. ‘मन मारणे’ मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. आपण मन मारतो ते परिस्थितीपुढे : पैसा नसतो, वैद्याने पथ्य सांगितलेले असते, इच्छा जिथल्या तिथे असते, तिला वाट तेवढी मिळत नाही. सूत्रातला साधक तर ‘वितृष्ण’ आहे, आणि त्याची तहान केवळ पाहिलेल्या विषयांची, म्हणजे भोगाच्या गोष्टींची, नव्हे, तर स्वर्गासारख्या, शास्त्रातून नुसत्या ऐकलेल्या विषयांचीही शमलेली आहे.

योगसूत्रांवरील भाष्याचे टीकाकार वाचस्पतिमिश्र यांनी येथे वैराग्याच्या यतमान, व्यतिरेक, एकेंद्रिय आणि वशीकार अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्याकडचा श्रावणच घ्या. पावसाळी मासेमारीबंदीत ताजी मासळी मिळाली नाही म्हणून खाल्ली नाही, हे यांपैकी कशातच बसत नाही. श्रावण पाळायचाच म्हणून नेटाने धडपडणे हे यतमान. मटणाची ओढ गेली, बांगड्याची अजून आहे, अशी स्वतःची स्वतः निवड करणे हा व्यतिरेक. पुढे शेजारच्या चुलीवर बांगड्याचे तिखले रटरटू लागते, तिरफळांचा वास पडवीपर्यंत येतो, माणूस जागचा हलत नाही, पण मन त्या चुलीपाशी जाऊन बसते. इंद्रिये थांबली आणि उत्सुकता मनात उरली, ही एकेंद्रिय अवस्था. ‘मन मारणे’ फार तर इथवर पोचते. पान पुढ्यात वाढलेले असतानाही ती उत्सुकता उठत नाही, तेव्हा तो वशीकार.

प्रश्न : मग ‘विषयांचा तिटकारा’ म्हटले तर?

उत्तर : ते तर अधिकच चुकेल, कारण पतंजलींनी द्वेषाला रागाच्या, म्हणजे आसक्तीच्या, जोडीने पाच क्लेशांत, म्हणजे मनाला पीडणाऱ्या दोषांत, बसवले आहे, ज्याचा तिटकारा येतो, त्याच्याशी मन बांधलेलेच असते. योगसूत्रांवरील भोजराजाच्या वृत्तीत, म्हणजे टीकेत, विषय माझ्या अधीन आहेत, मी त्यांच्या अधीन नाही, अशी जाणीव म्हणजे वैराग्य, असा आशय आहे. माझ्या मते ‘वशीकार’ तसाच ठेवून पहिल्या वेळी ‘विषयांच्या अधीन नसल्याची जाणीव’ असा खुलासा जोडावा.