मांगर, गोठा की कोठार?

बोरू
डच चित्रकार आद्रियान फान ओस्ताडेच्या १६४७ च्या एका कोरीवचित्राला इंग्रजी सूच्यांत 'बार्न' म्हणतात. चित्रओळीत 'गोठा' लिहिलं, तर संपादकांचा आक्षेप: गोठा म्हणजे नुसती गुरं. 'कोठार' म्हणावं तर बंद, अंधारी खोली डोळ्यापुढे येते. इथे थेट छपरापर्यंत मोकळी जागा, तुळया, वासे. शब्द सुचवा.

दर्यावर्दी
मांगर. तळकोकणात, गोव्यात घरापासून सुटा उभा असतो. गवत, अवजारं, वेळ पडली तर गुरंही.

घाटमाथा
देशावर मांगर कोणाला कळणार? इकडे हे सगळं एका छपराखाली नसतंच. कडबा गंजीत, धान्य कणगीत नाहीतर पेवात, आणि ज्वारीची मळणी उघड्या खळ्यावर, कारण तोवर पाऊस संपलेला असतो. हॉलंडात ओल बारमाही, म्हणून मळणीही आत. वस्तूच नाही तिथे शब्द कुठून आणणार? बार्नच ठेवा.

तांबट
इमारतीचं नंतर बघा, आधी 'कोरीवचित्र' काढा. हे चित्र एचिंग आहे, आणि एचिंगमध्ये तांबं कोरत नाहीत. पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ लेप देतात, तो मेणबत्तीच्या धुराने काळा करतात आणि सुईने फक्त लेप खरवडतात. तांबं खातं ते तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड. ब्यूरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने हाताने कोरतात ते एनग्रेव्हिंग. तिथे मनगटाचा जोर, म्हणून रेघ शिस्तीची. सुई मात्र लेपावरून पेन्सिलीसारखी पळते. फाटकी बाही, सुटलेलं गवत, मोडकं छप्पर ओस्ताडेला साधलं ते यामुळे.

टाक
मग 'अम्लरेखन' आहेच की.

तांबट
अम्ल रेखत नाही हो, खातं. डच 'एट्सन' हा जर्मन 'एट्झन'वरून आला, मूळ अर्थ खायला घालणं. आपल्याकडे चरणे-चारणे आहे. तांबं तेजाबाला चारलं, म्हणून चारणचित्र!

टाक
भाट-चारणांचं चित्र वाटेल ते. आणि संस्कृत अम्ल नको, फारसी तेजाब चालतं, हा कुठला न्याय?

तांबट
तेज-आब म्हणजे जहाल पाणी. तिकडेही लॅटिनमध्ये 'अ‍ॅक्वा फॉर्टिस', डचमध्ये 'स्टेर्कवाटर', म्हणजे जोरकस पाणी. तिन्ही शब्द एकाच नजरेने बनलेत.

शिवाय 'रेखन' म्हटलं की अर्धं काम लपतं. रेघ किती गडद येणार ते मुख्यतः तेजाबात किती वेळ ठेवलं यावर ठरतं. मागचं छप्पर फिकं हवं तर पत्रा लवकर काढायचा, त्या रेघा वार्निशने झाकायच्या, मग पत्रा पुन्हा आत. नायट्रिकचे बुडबुडे रेघेवर बसले तर तांबं असमान खाल्लं जातं, म्हणून पिसाने झटकत राहायचं. पत्र्यावर तेलकट बोट राहिलं तर लेप सुटतो आणि नको तिथे खड्डे पडतात. अंधाऱ्या कोपऱ्यासाठी रेघा फार दाट घातल्या तर मधला लेप ढासळतो, सगळा मिळून एकच रुंद खड्डा होतो, त्यात शाई टिकत नाही. हवा होता काळा, छापून येतो करडा. कार्यशाळांत सरळ 'खाल्लं', 'जास्त खाल्लं' असंच म्हणतात. कोशकारांनी तिथे कान द्यावा.

बोरू
बरं, मजकुरात ओस्ताडेला 'शेतकऱ्यांचा चित्रकार' म्हटलंय. ते तरी चालेल?

घाटमाथा
त्याच्या सुमारे ५० पत्र्यांत शेतात राबणारा शोधावाच लागेल. सूत कातणारी बाई (१६५२), जेवणाआधी प्रार्थना करणारं कुटुंब (१६५३), चांभार, गुत्त्यातली गिऱ्हाइकं. डच 'बूर'मध्ये शेतकरीही येतो आणि अडाणी गावंढळही. 'गावकरी' म्हणा.

टाक
बलुतेदार का नको?

घाटमाथा
बलुतं म्हणजे सुगीला धान्यातला हक्काचा वाटा. हॉलंडातल्या त्या माणसांचा व्यवहार रोकडीचा; एका चित्रात तर गडी गुत्त्यातलं बिल चुकतं करतोय. 'बलुतेदार' वाचलं की वाचक अख्खा गावगाडा तिथे नेऊन बसवेल.

टाक
आणि 'चांभार' वाचून नाही बसवणार? 'जोडे शिवणारा' म्हणा.

दर्यावर्दी
तेही चुकेल. डचमध्ये नवे जोडे करणारा 'स्खूनमाकर' आणि जुन्यांना ठिगळं लावणारा 'स्खूनलापर', असे दोन वेगळे. चित्रातला दुसरा.