जर्मनीत एमएस्सीला जायचंय, सातबारावर एकोणीस नावं आहेत. सुरुवात कुठून करू?

कलमांची_लेक

नमस्कार. थोडं लांबेल, पण कृपया वाचा.

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी. केलं. गेलं दीड वर्ष एका कोळंबी प्रकल्पावर नोकरी करतेय. तळ्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात खाली जातो, म्हणून चार वाजता बॅटरी घेऊन बांधावर जायचं, मीटर पाण्यात सोडायचा आणि आकडा वहीत लिहायचा. काम मला मनापासून आवडतं. पण आमच्या खाडीतले शिंपले का कमी झाले, कांदळवन तोडलं की कोणते मासे आधी जातात, असले प्रश्न डोक्यात घोळत राहतात आणि त्यांची उत्तरं शोधायला मला पुढे शिकायचंय. ब्रेमेन विद्यापीठात उष्ण कटिबंधातल्या पाण्यातल्या परिसंस्थांवर इंग्रजीतून एमएस्सी आहे, आयसाटेक नावाची. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा झालीय, साडेसहा आलेत. अर्ज याच वर्षी करायचाय.

घर जयगड खाडीच्या काठी. बाबांची हापूसची कलमं आहेत, आईचं घर आणि गोठा. दोन वर्षं थ्रिप्स किडीने मोहोर खाल्ला, त्यामुळे हातात शिल्लक अशी नाही. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे तिकडच्या राहण्या-खाण्याचे पैसे व्हिसाआधी ज्यात ठेवावे लागतात त्या खात्याला, बारा लाख लागतात म्हटल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बाग गहाण टाकू." आम्ही बँकेत गेलो. साहेबांनी सातबारा पाहिला आणि परत दिला. एकोणीस नावं आहेत त्यावर, त्यातली सहा माणसं वारलेली. दोन चुलते मुंबईत, एका आत्याचा तर पत्ताही नीट माहीत नाही.

एका सल्लागाराने दीड लाखात "सगळं करून देतो" असं सांगितलंय. द्यावेत का? एपीएस म्हणजे नेमकं काय? कर्जाचं काय करू? आणि एक गोष्ट घरी विचारता येत नाही म्हणून इथे विचारते. मी कधी रत्नागिरीच्या पलीकडे एकटी राहिलेली नाही. जमतं का हो?

निवृत्त_बँकवाला

बाळ, मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा आपल्याच जिल्ह्यात. तुझ्यासारखे सातबारे शेकडो पाहिले. आधी बाबांना सांग की बागेचा विषय डोक्यातून काढा. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेतच नाहीत, मग त्यावर एक नाव असो की एकोणीस. त्या साहेबांनी सातबारा परत दिला तो तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला स्थावर तारण लागत नाही. चार लाखांच्या वर जामीनदार मागतात. साडेसातच्या वर गेलीस की तारण आलं, पण तारण म्हणजे जमीनच असं नाही. मुदत ठेव चालते, एनएससी चालते, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू धरतात, बिनशेती जागेवरचा फ्लॅट धरतात. कोकणातल्या बहुतेक घरांचा एक तरी माणूस मुंबईत असतो आणि त्याचा विरार-नालासोपाऱ्याकडे एखादा फ्लॅट असतो. तुझ्या चुलत्यांपैकी कुणी तयार होतात का, हे बाबांनी समोर बसून विचारावं, फोनवर नको. त्यांना काय काय सही करावी लागेल आणि हप्ता थकला तर काय होईल, तेही त्याच बैठकीत स्पष्ट सांगावं. नात्यातल्या जामिनकीत पुढे कटुता येते ती न सांगितलेल्या गोष्टींमुळे.

दुसरं, परदेशी शिक्षणाला बँक साधारण १५ टक्के रक्कम तुमच्याकडून धरते, म्हणजे शंभरातले पंधरा घरचे. मंजुरीपत्रात ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम स्वतंत्र ओळीत लिहून घ्या, कारण ती व्हिसाच्या आधी एकरकमी पाठवावी लागते आणि शाखेतला माणूस ती फी समजून सत्रासत्राला देऊ पाहतो. कर्जातून पाठवलेल्या शिक्षणाच्या पैशावर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलं तरी वर्षाला दहा लाखांपर्यंत नाही. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमलं तर ते महिन्याच्या महिन्याला भरत राहा.

टाटांची जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना कर्ज-शिष्यवृत्ती देते, के. सी. महिंद्रांची बिनव्याजी आहे. दोन्हींकडे अर्ज कर.

सातबाऱ्याचं काम मात्र या निमित्ताने सुरू कराच. आधी वारलेल्या सहा जणांच्या वारस नोंदी तलाठ्याकडे घाला. फेरफाराला हरकतीसाठी पंधरा दिवस जातात. मग सगळे एकमताने असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. तुझ्या कर्जाला हे वेळेत होणार नाही, पण बाबा धडधाकट आहेत तोवर झालेलं बरं.

वाशिष्ठीकाठची

ब्रेमेनचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. मी चिपळूणची, २०२२ पासून इथे आहे. विषय वेगळा, पण गाव तेच. तुझे प्रश्न घेते, पण माझ्या क्रमाने, कारण ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी करायला हवं.

पहिली कागदपत्रं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात आलं तेव्हा माझी फाइल लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होती. आम्ही माळ्यावर चढलो ते आजीला आणि गॅसचा सिलिंडर घेऊन, फाइल कुणाला आठवली नाही. पाणी उतरल्यावर खण उघडला तर आत लोण्यासारखा मऊ चिखल. आईने एकेक मार्कशीट बादलीत अलगद हलवून धुतली आणि माळ्यावर दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातली. वीज नव्हती, हवा दमट, चार दिवस ती तशीच लटकत होती. पदवी प्रमाणपत्राला आम्ही हौसेने लॅमिनेशन केलेलं. त्याच्याच आत पाणी शिरलं आणि शाई निळ्या ढगासारखी पसरली. एका सत्राच्या मार्कशीटवरचा क्रमांक वाचता येईना. दुय्यम प्रती मिळेपर्यंत त्या वर्षीचा प्रवेश गेला. मी ऑक्टोबर २०२१ऐवजी २०२२ला आले. त्या वर्षभर मी रोज रडले नाही, पण रोज विचार केला.

म्हणून आज रात्रीच सगळं स्कॅन कर, रंगीत, मागची बाजूसुद्धा. मूळ प्रती लॅमिनेट करू नकोस. झिपच्या पिशवीत घाल आणि माळ्यावर ठेव. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टचे, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचे, सीलबंद लखोटे दोन-तीन जास्तीचे मागून घे.

मग एपीएस. जर्मन दूतावासाशी जोडलेलं दिल्लीतलं कार्यालय तुझी पदवी खरी आहे का ते तपासून दाखला देतं. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना तो व्हिसासाठी सक्तीचा आहे, मी थोडक्यात आधी आले म्हणून मला लागला नव्हता. फी १८,००० रुपये. अर्ज ऑनलाइन भरून कागद कुरियरने पाठवायचे. यात आठवडेच्या आठवडे जातात आणि अनेक विद्यापीठं प्रवेश अर्जालाच तो मागतात, तेव्हा प्रवेशाची वाट न पाहता याच महिन्यात टाक. एकदा मिळाला की कायमचा.

सल्लागाराला दीड लाख देऊ नकोस. अगदी कळकळीने सांगते. सरकारी विद्यापीठाचा अर्ज तुला स्वतःलाच भरता येतो, शंका असेल तर कोर्सच्या समन्वयकाला सरळ ईमेल कर, उत्तर येतं. माझ्या ओळखीतल्या दोन मुलांना अशाच एकाने भरमसाट फीच्या खासगी कॉलेजात नेऊन घातलं, त्यांना सरकारी मिळालं असतं. ब्रेमेनला शिक्षण शुल्क नाही, सत्राची वर्गणी तेवढी भरायची आणि त्यात प्रवासाचा पासही येतो. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. दुसरीकडेही अर्ज करणार असशील तर हे बघून कर.

ब्लॉक्ड अकाउंटचं ओझं वाटतंय ना, मलाही वाटलं होतं. पण ते पैसे कुणाला द्यायचे नसतात, ते तुझेच असतात. मी आले तेव्हा १०,३३२ युरो लागत, सध्या ११,९०४ आहेत, पाठवण्याआधी आकडा पुन्हा बघ. इथे पोचून बँकेत खातं उघडलं की महिन्याला ९९२ युरो त्यातून सुटतात. त्यातच खोली, जेवण आणि विमा बसवायचा. आरोग्य विमा महिना साधारण दीडशे युरो. विद्यार्थी म्हणून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सहा महिन्यांत त्या कमाईवर हिशेब मांडू नकोस. जर्मन येत नसेल तर काम मिळायला वेळ लागतो. एमएस्सी इंग्रजीत असली तरी घरमालक, डॉक्टर आणि टपालातली पत्रं जर्मनच बोलतात. निदान ए-टू पातळीपर्यंत जर्मन शिकून ये. मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनचे वर्ग ऑनलाइनही असतात, पहाटेची तळी झाली की दुपारी बसता येईल.

खोलीसाठी प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी श्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, तिच्या वसतिगृहाच्या यादीत नाव घाल. आल्यावर चौदा दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. मी ते वहीत पाचदा लिहून पाठ केलं होतं. कागद देत नाही म्हणणाऱ्या घरमालकाची खोली घेऊच नकोस, कितीही स्वस्त असो.

व्हिसाची तारीख बहुधा पावसाळ्यात येईल. आदल्या रात्रीच्या गाडीवर भरवसा ठेवू नकोस, दोन दिवस आधी मुंबईत पोच. दरड कुठे आणि कधी येईल ते आपल्याला ठाऊक आहेच.

आता तुझा शेवटचा प्रश्न. पहिला ऑक्टोबर छान जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि घराशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. डिसेंबरमध्ये साडेआठला उजाडतं आणि चारनंतर थोड्याच वेळात काळोख. मला वाटायचं मी आजारी आहे. मग एक ठरवलं. रोज दुपारी, पाऊस असो नसो, वेझर नदीच्या काठाने अर्धा तास चालायचं आणि तिथूनच आईला फोन करायचा. ती तेव्हा दिवाबत्ती करून भाताला आधण ठेवत असते. झाकणाचा आवाज ऐकू येतो. ते वर्ष मी त्या आवाजावर काढलं. जमतं गो. पहिल्या दिवशी नाही, पण जमतं.

आई_दापोलीची

वरचं वाचून डोळे भरले. माझा मुलगा दोन वर्षं तिकडेच आहे, म्हणून खाण्याचं मी सांगते.

दुधाचं काही देऊ नका. तूप, पेढे, खव्याचं काहीच नाही, युरोपात न्यायला बंदी आहे. आम्ही नारळाच्या वड्या खवा घालून केल्या होत्या, विमानतळावर काढून घेतल्या. मटणाचंही तसंच. सुकी मासळी मात्र चालते, माणशी वीस किलोपर्यंत, पण सोडे आणि सुकट तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर कपड्यांना वर्षभर वास. ताजी फळं दाखल्याशिवाय नेता येत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी नाही. पाच फळांना सूट आहे: केळं, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ. कोकमं, कुळथाचं पीठ, घरचा मसाला, खाजं बिनधास्त द्या.

आणि मुलीला आत्तापासून एकटीला स्वयंपाक करू द्या. चुकलं तरी मध्ये पडू नका. मी पडायचे, त्यामुळे माझ्या मुलाला तिथे जाऊन भात शिकावा लागला.

वाशिष्ठीकाठची

काकू, मसाल्याचं शंभर टक्के खरं. मासळीची काळजी करू नका, ब्रेमरहाफेन बंदर तासाभराच्या आत आहे. माक्रेले म्हणून मिळतो तो आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. पहिल्यांदा तिरफळं घालून केला तेव्हा शेजारची चिनी मुलगी ताट घेऊन आली.

कलमांची_लेक

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. ९९२ युरो दर महिन्याला परत सुटतात हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजे पैसे जात नाहीत." २०१४ला युरोपने हापूस बंद केला होता, फळमाशीमुळे. तेव्हा आमच्या पेट्या पडून राहिल्या होत्या आणि त्यांना तिकडचं नाव काढलेलं आवडायचं नाही. काल त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ब्रेमेनला समुद्र आहे का. मी सांगितलं, नदी आहे, समुद्र पुढे आहे, आपल्या जयगडसारखंच.

सल्लागाराला नाही म्हणून कळवलं. मार्कशीट स्कॅन झाल्या, फाइल माळ्यावर गेली. बाबा रविवारी तुतारी एक्स्प्रेसने नालासोपाऱ्याला काकांकडे जाताहेत, सोबत मी पण. वारस नोंदीचे अर्ज परत आल्यावर.

आजीचा एक प्रश्न आहे, ती विचारूनच घे म्हणाली. नारळ सोललेला न्यायचा की असोला?

आई_दापोलीची

सोललेला. शेंडी ठेवा.