हॉकीचे प्लेऑफ म्हणजे सोडत? मग क्लीव्हलँड आणि बोस्टन कुठे आहेत?

पानगळ (टोरांटो), १९ मे २०२५

या मंचावर 'आकडेमोड' या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांचे आज सकाळचे टिपण मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझा चहा निवला. त्याचा मथितार्थ असा: रविवारी एकाच दिवशी दोन सातवे, म्हणजे मालिकेचे निर्णायक, सामने झाले, बास्केटबॉलमध्ये हंगामात ६८ सामने जिंकलेल्या ओक्लाहोमा सिटीने डेन्व्हरला १२५–९३ असे लोळवले, तर हॉकीत आपल्या गटात पहिल्या आलेल्या टोरांटोच्या लीफ्सना तिसऱ्या आलेल्या फ्लोरिडाने त्यांच्याच घरी ६–१ असे झोडपले, सबब बास्केटबॉलचे प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) ही परीक्षा आणि हॉकीचे प्लेऑफ ही लॉटरीची सोडत. शेवटी एक वाक्य खास आमच्यासाठी होते: "लीफ्सवाल्यांनी दरवर्षीचे हे सुतक आता आवरते घ्यावे." आज आमच्याकडे व्हिक्टोरिया डेची सुट्टी असल्यामुळे उत्तर देण्यास मला पुरेशी सवड आहे.

साहेब, परीक्षाच म्हणायची तर यंदा पूर्व विभागात ६४ सामने जिंकून पहिला आलेला क्लीव्हलँड कुठे आहे? ५० सामने जिंकलेल्या इंडियानाने त्याला पाच सामन्यांत घरी पाठवले. ६१ सामने जिंकलेला गतविजेता बोस्टन कुठे आहे? त्याला ५१ सामने जिंकलेल्या न्यूयॉर्क निक्सने सहा सामन्यांत गुंडाळले. पहिला आणि दुसरा क्रमांक दुसऱ्याच फेरीत नापास होतात, त्या परीक्षेचा निकाल मात्र आपण पेढे वाटून साजरा करता.

याहून मोठी गंमत पुढे आहे. २०१९ पासून एनबीएमध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या लीगमध्ये, सहा वर्षांत सहा वेगळे विजेते झाले आणि यंदा उरलेल्या चार संघांत त्या सहांपैकी एकही नसल्यामुळे सातवाही नवाच असणार, हे आजच ठरले आहे. उलट हॉकीत २०२० पासून प्रत्येक अंतिम मालिकेत फ्लोरिडा राज्याचा एक संघ होताच. आधी तीन वर्षे टॅम्पा, मग दोन वर्षे पँथर्स, म्हणजे कालचाच फ्लोरिडा. पाच वर्षे ओळीने एकाच गल्लीत नंबर लागतो, अशी सोडत मी तरी पाहिलेली नाही.

राहता राहिले सुतक. लीफ्सनी शेवटचा स्टॅन्ली कप, म्हणजे हॉकीचे विजेतेपद, १९६७ मध्ये जिंकला, हे मला ठाऊक आहे. दर एप्रिलमध्ये कोणीतरी त्याची आठवण करून देतेच. १३ मे २०१३ रोजी बोस्टनमधल्या सातव्या सामन्यात शेवटच्या सत्रात आम्ही ४–१ असे पुढे होतो, तेव्हा मी उत्साहाच्या भरात शेजारच्या घरी पेढ्यांचा डबा देऊन आलो होतो. परत येऊन बसलो आणि बघता बघता आघाडी दोन गोलांवर आली. मग शेवटच्या दीड मिनिटात दोन गोल झाले आणि जादा वेळेत बोस्टनच्या बर्जरॉनने सामना संपवला. शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत केला आणि एक शब्दही काढला नाही. तेव्हापासून कालपर्यंत आम्ही सलग सात सातवे सामने हरलो आहोत. ही सोडत असती, तर सातपैकी एखादा तरी आमच्या नावे निघाला असता!

आकडेमोड (न्यू जर्सी)

पेढ्यांबद्दल सहानुभूती आहे, परंतु आपले उत्तर हे भावनांचे गाठोडे आहे. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या हाती एका सामन्यात साधारण शंभर वेळा चेंडू येतो, आणि संघाचा सर्वोत्तम खेळाडू ४८ पैकी सुमारे ४० मिनिटे मैदानावर असतो. हॉकीत तोच माणूस ६० पैकी जेमतेम २२ मिनिटे बर्फावर असतो आणि दोन्ही संघांचे मिळून पाच-सहा गोल होतात. नाणे शंभर वेळा उडवले तर त्याचा खरा कल कळतो. सहा वेळा उडवून काहीच कळत नाही. पक (हॉकीतली चकती) कोणाच्या तरी स्केटला लागून आत जातो आणि आपण त्याला जिद्द म्हणता.

इतिहासही तेच सांगतो. एनबीएमध्ये सहाव्या मानांकनाखालचा एकही संघ आजवर विजेता झालेला नाही, आणि सहावाही एकच, १९९५ चा ह्यूस्टन. हॉकीत २०१२ मध्ये आठव्या मानांकनाच्या लॉस एंजेलिसने कप उचलला. २०१९ मध्ये ६२ सामने जिंकलेल्या टॅम्पाला पहिल्याच फेरीत कोलंबसने चार-शून्य असे संपवले. मालिकेत ०–३ असे मागे पडून जिंकण्याचा प्रकार हॉकीत चार वेळा घडला आहे. एनबीएमध्ये एकदाही नाही. यंदाच्या क्लीव्हलँड आणि बोस्टनवरून सिद्धांत मांडणे म्हणजे एका पावसाळ्यावरून हवामान सांगणे होय.

बोस्टनकर

आपण दोघेही ज्या विषयावर भांडत आहात, त्यात माझ्याइतका अधिकारी मनुष्य या धाग्यावर दुसरा नसावा. २०२३ साली आमच्या ब्रुइन्सनी (बोस्टनचा हॉकी संघ) ६५ विजय आणि १३५ गुण असा एनएचएलचा, म्हणजे हॉकीच्या लीगचा, सर्वकालीन विक्रम केला आणि पहिल्याच फेरीत, मालिकेत ३–१ असे पुढे असताना, ९२ गुणांनिशी शेवटच्या क्रमांकाने आत शिरलेल्या फ्लोरिडाकडून ते हरले. सातवा सामना आमच्याच घरी होता आणि शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही पुढे होतो. एका महिन्याच्या आत त्याच इमारतीत आमचे बास्केटबॉलचे सेल्टिक्स आठव्या मानांकनाच्या मायामीकडून सातवा सामना हरले. त्याही वेळी आमच्या सर्वोत्तम खेळाडूचा, टेटमचा, पाय पहिल्याच चढाईत मुरगळला. गार्डनमध्ये, म्हणजे त्या इमारतीत, बर्फ काढत नाहीत, त्यावर फळ्या टाकून लाकडी मैदान बसवतात. म्हणजे वरच्या थरावर परीक्षा आणि खालच्या थरावर सोडत, आणि दोन्ही थरांवर आम्हीच आडवे!

यंदाचे सांगायचे तर निक्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात आम्ही तीन गुणांचे ४५ फटके चुकवले, पहिल्या दोन्ही सामन्यांत वीस गुणांची आघाडी घालवली आणि चौथ्यात टेटमच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. 'आकडेमोड' यांनी शंभर नाण्यांच्या हिशेबात ती टाच कुठे बसते, ते सांगावे.

पानगळ यांनाही एक प्रश्न. दुखापतीचा विषय निघालाच आहे, तर १० जून २०१९ रोजी अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटचा ड्युरँट कोसळला तेव्हा टोरांटोच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, हे आपल्या स्मरणात आहे काय?

पानगळ

आहे. ते लाजिरवाणे होते, आणि रॅप्टर्सच्या (आमचा बास्केटबॉल संघ) खेळाडूंनीच हात वर करून लोकांना गप्प केले, एवढेच त्यावर म्हणता येते. हा मुद्दा आपला. नीट जपून ठेवा, कारण या धाग्यावर दुसरा मिळणार नाही.

परंतु त्याच वर्षीचा फिलाडेल्फियाविरुद्धचा सातवा सामना आठवा. ९०–९० अशी बरोबरी असताना आमच्या लेनर्डचा शेवटचा फटका कड्यावर चार वेळा उसळला आणि मग आत पडला. बाहेर पडला असता तर जादा वेळ, आणि पुढचे कोणी सांगावे? अंतिम मालिकेत ड्युरँट पाचव्या आणि त्याचा सहकारी थॉम्पसन सहाव्या सामन्यात जायबंदी झाला. माझ्या शहराचे बास्केटबॉलमधले ते एकमेव विजेतेपद मी कोणालाही परत देणार नाही. पण त्याला 'आकडेमोड' परीक्षा म्हणणार असतील, तर पेपर फुटला होता एवढे तरी त्यांनी मान्य करावे.

आणि ज्याला आपण हॉकीतले नशीब म्हणता, त्याला बहुतेक वेळा नाव आणि चेहरा असतो. २०१९ मध्ये टॅम्पाला रोखणारा कोलंबसचा गोलरक्षक बोब्रॉव्हस्की. २०२३ मध्ये बोस्टनच्या सातव्या सामन्यात फ्लोरिडाचा गोलरक्षक बोब्रॉव्हस्की. काल रात्री आमच्यासमोर कोण उभा होता, ते सांगायला नको. प्रत्येक सोडतीला चिठ्ठी काढणारा हात एकच असेल, तर त्याला कौशल्य म्हणतात.

खडकीवाला (पुणे)

मी सोमवारी पहाटे पाच वाजता उठून हा ६–१ चा तमाशा पाहिला आहे, तेव्हा बोलण्याचा अधिकार मलाही आहे. माझी तक्रार मुळातच वेगळी आहे. आपण सगळे ज्याला बिनदिक्कत 'हॉकी' म्हणत आहात, ती हॉकी नव्हे, 'आइस हॉकी' आहे. ज्या खडकीत धनराज पिल्ले मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळला आणि पुढे चार ऑलिंपिक खेळून आला, तिथल्या माणसाला हे वाचताना दात खायची वेळ येते. पाच वर्षे परदेशात राहिले की आपल्या शब्दांचे अर्थही बदलतात, असे दिसते.

आकडेमोड

खडकीवाल्यांनी नकळत माझाच मुद्दा मांडला. बर्फावरची हॉकी हा आपल्या लोकांचा खेळच नाही. बास्केटबॉलला एक चेंडू आणि एक कडे पुरते. माझी दोन्ही मुले सोसायटीच्या आवारात खेळून शिकली. हॉकीला हेल्मेट, स्केट, पॅड, रिंकचे भाडे आणि पहाटे पाचला उठणारा बाप लागतो. मराठी माणसाने लीफ्सची जर्सी घालणे हा मला नेहमीच शेजारच्यांच्या लग्नात आहेर घेऊन मिरवण्याचा प्रकार वाटत आला आहे.

रिंकवरची आई (मिसिसागा)

मी एरवी इथे केवळ वाचते, परंतु हे वाक्य वाचून राहवले नाही. पहाटे पाचला उठणारा बाप आमच्या घरी नाही, मी उठते. सात हिवाळे मी उणे पंधरा तापमानात गाडीची काच खरवडून मुलाला रिंकवर नेले आहे. स्केट दर वर्षी जुने घेतले आणि पाय वाढला की पुढच्याला विकले. त्या बॅगेला येणारा वास 'आकडेमोड' यांनी एकदा घ्यावा, मग आहेराची भाषा करावी. पहिल्या वर्षी एका रिंकवर एक गृहस्थ मला अगदी प्रेमाने म्हणाले, "क्रिकेटचे मैदान पलीकडे आहे." तेच आज एक मराठी माणूस मला शुद्ध मराठीत सांगत आहे, एवढाच काय तो फरक.

आपल्या लोकांचा खेळ नाही, म्हणजे कोणाचा नाही? २००८ पासून हॉकीच्या सामन्यांचे पंजाबीत समालोचन होते. २०१६ च्या अंतिम मालिकेत हरनारायण सिंग यांनी पिट्सबर्गच्या बोनिनोच्या गोलावर "बोनिनो, बोनिनो" असा जो गजर केला, तो पिट्सबर्गच्या लोकांनी डोक्यावर घेतला. त्या माणसाला कोणी आहेर विचारला नाही.

आकडेमोड

बाई, आपण व्यक्तिगत घेतलेत. पंजाबी लोक कॅनडात ब्रॅम्प्टनमध्ये आणि सरेमध्ये किती आहेत आणि आपण किती, हेही पाहावे. शिवाय बास्केटबॉलकडे नव भाटिया आहेत. १९९५ पासून रॅप्टर्सचा घरचा सामना सहसा न चुकवणारा सरदार, ज्याला २०१९ ची विजेतेपदाची अंगठी मिळाली. समालोचकापेक्षा अंगठी मोठी, असे माझे मत आहे.

बोस्टनकर

दोन सरदारजींच्या जोरावर दोन मराठी माणसांनी भांडावे, यासारखे आमच्या समाजाचे अचूक चित्र दुसरे नसेल. मराठीत समालोचन का नाही, हे विचारा ना. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात मी ब्रुइन्सचा सामना एकत्र पाहू असे दोनदा सुचवले. पहिल्या खेपेस तीन अंगठे आले आणि दुसऱ्या खेपेस कोणीतरी उकडीच्या मोदकांची मागणी विचारली.

खडकीवाला

मोदकांचा विषय निघाल्यावर धागा संपला असे मी समजतो. तरी एक सांगतो. ताईंचा प्रतिसाद वाचून माझा मूळ आक्षेप मी अर्धा मागे घेतो. पहाटे पाचला उठून जो पोर खेळतो, तो हॉकीच खेळतो. मग खाली गवत असो वा बर्फ. उरलेला अर्धा आक्षेप कायम आहे.

रिंकवरची आई

अर्ध्याबद्दल आभारी आहे. काल सामना संपल्यावर मी टीव्ही बंद करायला उठले, तर मुलाने रिमोट दिला नाही. दोन्ही संघ हस्तांदोलनाच्या रांगेत शेवटपर्यंत उभे होते आणि त्याला आमचा प्रत्येक खेळाडू कोणाशी काय बोलतो, ते पाहायचे होते. तोपर्यंत काही लोकांनी जर्सी काढून बर्फावर फेकून दिल्या होत्या. त्याने स्वतःची जर्सी आज सकाळी शाळेच्या बॅगेत भरून ठेवली आहे. सुट्टी आहे, हे त्याच्या लक्षात नव्हते.

आकडेमोड

आहेराचे वाक्य मागे घेतो. ते वाईट होते आणि माझ्या पत्नीचेही तेच मत पडले. फ्लोरिडाचा मुद्दाही मान्य करावा लागतो, कारण मी तो तपासला आणि दुर्दैवाने तो खरा निघाला. नाण्यांचा हिशेब मात्र मी सोडणार नाही; बोब्रॉव्हस्की हा एकच माणूस आहे आणि त्याला पगार फ्लोरिडा देते.

आता एक कबुली देऊन टाकतो, कारण पुढे-मागे ती उघड होणारच. मी निक्सचा आहे. १९७३ नंतर आमच्याकडे विजेतेपद आलेले नाही, आणि बुधवारी रात्री गार्डनमध्ये (बोस्टनचे नव्हे, न्यूयॉर्कच्या खऱ्या गार्डनमध्ये) इंडियानाविरुद्ध पहिला सामना आहे. हंगामात आम्ही त्यांच्यापेक्षा एक सामना जास्त जिंकलो आहोत. त्यामुळे परीक्षेच्या नियमाने निकाल स्पष्ट आहे, आणि तरीही मला दोन रात्री झोप नाही.

पानगळ

एक सामना! शुभेच्छा देतो, साहेब, आणि मनापासून देतो. फक्त शेजाऱ्यांकडे डबा आधी पाठवू नका.