एका माणसाचं गाव, जनगणनेत दोन कसे?

ओमाहाकर: आठेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मोनोवाय या गावाला मुद्दाम वाट वाकडी करून गेलो होतो. 2010 च्या जनगणनेत लोकसंख्या 1! एकच आजी राहते; तीच सरपंच, कारकून, खजिनदार. गावातला बारही तिचाच, मला बर्गरही तिनंच भाजून दिला. दारूचा परवाना स्वतःच स्वतःला द्यायचा! मग 2020 मध्ये आकडा 2 कसा? कुणी राहायला आलं का?

गवताळ: नाही हो. खासगीपणा जपायला जनगणना खातं छोट्या गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ करतं. दुसरा माणूस फक्त कागदावर.

वऱ्हाडी_पाहुणा: पण गाव एवढं रिकामं का झालं?

गवताळ: 1930 च्या दशकात दीडशे माणसं होती. रेल्वेमुळे वसलेलं गाव. यंत्रं आली, शेतीला हात कमी लागू लागले, पोरं शहराकडे गेली. पोस्ट गेलं, 1974 ला शाळाही. 2000 साली नवरा-बायको दोघंच. 2004 ला नवरा वारला, आजी एकटी उरली.

ओमाहाकर: त्याचीच पुस्तकं, पाचेक हजार, शेजारच्या खोपटात लावलीत. ग्रंथपालही अर्थात आजीच.