शब्दचर्चा : तारण, खंडणी, उपकारस्तुती, साक्ष

प्रश्न : बायबलमध्ये इफिसकरांस १:७ इथे ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ असं आहे. आज खंडणी म्हटलं की धमकावून उकळलेले पैसेच आठवतात. हा शब्द भक्तिगीतात, किंवा साक्षीत, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते लोकांना सांगताना, वापरावा का?

उत्तर : जरूर वापरा, फक्त ‘भरणे’ त्याच्यापासून तोडू नका. ‘खंडणी मागितली’ म्हटलं की गुन्हा दिसतो. ‘खंडणी भरून सोडवलं’ म्हटलं की नजर भरणाऱ्याकडे वळते. इफिसकरांस १:७ मधल्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी ‘लुट्रॉन’ आहे, म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजलेली किंमत. मार्क १०:४५ मध्ये ती किंमत म्हणजे येशूचा जीव. ती कोणाला दिली, हे वचन सांगत नाही. ऑरिजेन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती विद्वानाने ती सैतानाला दिली असा अर्थ लावला होता, पण गीतात तो घुसवू नये.

आणखी एक : ‘तारण’ही जपून वापरावं. कर्जापोटी ‘तारण देतात’, ‘तारण ठेवतात’. ख्रिस्ती मंडळीत पापातून सुटका या अर्थाने ‘तारण होतं’, माणूस ‘तारण पावतो’. ‘येशूने तारण दिलं’ हे बाहेरच्याला गहाणखतासारखं ऐकू येईल. ‘येशूने तारलं’ म्हणा, प्रश्नच मिटला. नुसत्या ‘मुक्ती’ने जन्ममरणाचा फेरा आठवतो, म्हणून ‘पापापासून’ जोडावं.

प्रश्न : मग स्तुती आणि साक्ष यांत फरक काय?

उत्तर : तोंड कोणाकडे आहे, एवढाच. ‘प्रभू, तू सोडवलंस’ ही स्तुती, ‘प्रभूने सोडवलं’ ही साक्ष. जुन्या करारात तर दोन्ही एकाच ताटात येतात. हिब्रू ‘तोदा’ म्हणजे उपकारस्तुती आणि उपकारस्तुतीचा यज्ञही. लेवीय ७:१२-१५ प्रमाणे त्यात पोळ्या असत, आणि मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. एकट्याने ते कसं संपणार? माणसं बोलवावीच लागत, आणि जेवायला बसलेला विचारणारच, देवाने तुझ्यासाठी काय केलं? स्तोत्र ११६ मध्ये मरणातून वाचलेला माणूस हाच यज्ञ ‘सर्व लोकांसमोर’ करतो.

पुरवणी : वेदान्तातला ‘साक्षी’ अलिप्त राहून पाहतो. प्रेषितांची कृत्ये १:८ मधला साक्षी अलिप्त नाही; तिथला ग्रीक ‘मार्तुस’ पुढे विश्वासासाठी प्राण देणाऱ्यांना लागला. साक्ष बिघडते ती कर्ता चुकल्याने. निम्म्याहून अधिक वेळ जुन्या पापांच्या वर्णनात जातो आणि देव शेवटच्या वाक्यात येतो. ‘मी दारू सोडली’ हा निर्धार झाला. ‘प्रभूने मला दारूतून सोडवलं’ ही साक्ष. सुरुवात तिथूनच करावी.