मुलांना इमॅजिकाला न्यायचंय: आधी सांगावं की शेवटपर्यंत गुपित ठेवावं? (सातारा-सांगलीहून तयारी)

बकुळ (शाहूपुरी, सातारा)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं घरात पक्कं झालंय. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा, सासूबाई, आणि सांगलीहून दीर-जाऊ त्यांच्या १३ वर्षांच्या मुलाला घेऊन येणार. दोन गाड्या होतील. मुलांना अजून काहीच सांगितलेलं नाही.

अडलंय ते इथेच. ह्यांचं म्हणणं, अजिबात सांगायचं नाही, गेटसमोर गाडी थांबली की मुलांचे चेहरे बघायचे. मला वाटतं, एवढा खर्च करून जायचं तर आनंद एकाच दिवसाचा का? आमच्या लहानपणी मामाकडे जायचं ठरलं की महिनाभर आधीपासून कालनिर्णयवर फुल्या मारायचो, पिशवी भरायचो, रिकामी करायचो, परत भरायचो. ती मजा माझ्या मुलांनाही मिळावी असं मनापासून वाटतं.

शिवाय धाकट्याचं काय करायचं? मोठे पाळणे त्याला चालणार नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांना घरी ठेवून जायचं नाही, हे ठरलेलं आहे. कुणी लहान मुलं आणि म्हातारं माणूस घेऊन जाऊन आलं असेल तर तयारी कशी केली ते जरा सविस्तर सांगा.

दोनमुलींचीआई (कराड)

ताई, सांगून टाका. आणि त्याचं मुख्य कारण तुमचा धाकटा आहे.

तिथे प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी उंची मोजतात. उंची कमी भरली तर आत सोडत नाहीत, कितीही विनवण्या केल्या तरी. हे त्याला तिथे गेल्यावर, ताई-दादा आत चाललेत आणि आपण बाहेर, असं कळलं तर त्याचा अख्खा दिवस रडण्यात जाईल. तेच महिनाभर आधी घरात कळलं तर पचवायला वेळ मिळतो. आम्ही काय केलं, वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंचीची अट दिलेली असते ती वाचली आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा केल्या. ही खूण नायट्रोची, ही राजासॉरसची, ही तुझी. धाकटीला तिथेच समजलं की आपलं काय आहे आणि काय नाही. कारणही नीट सांगा. वरून खांद्यावर येणारा तो लोखंडी पट्टा ठराविक अंगासाठी बनवलेला असतो, लहान मूल त्यातून निसटू शकतं. भित्रा आहेस म्हणून नाही, पट्टा बसत नाही म्हणून. हे वाक्य मुलाला पटतं.

मग त्याची स्वतःची यादी करा. मॅजिक कॅरोसेल, हॅपी व्हील्स, टब्बी टेक्स ऑफ, हम्प्टीज फॉल ही सगळी लहानांची. ‘दादाच्या तीन, ताईच्या तीन, माझ्या तीन’ अशी यादी त्याच्या हातात असली की त्याला आपण वगळलेले वाटत नाही. सलीमगडात मात्र त्याला नेऊ नका, तो भुताखेतांचा किल्ला आहे.

हरिपूररोड (सांगली)

मी दादांच्या बाजूनं थोडं बोलतो. चेहरे बघायची हौस बापाला असतेच, ती मोडू नका. जायचंय हे मुलांना सांगा, पण एक गोष्ट दादांसाठी राखून ठेवा. आम्ही मुक्काम गुपित ठेवला होता. मुलांना वाटत होतं संध्याकाळी परत सांगलीला निघायचं, आणि पार्कातून बाहेर पडल्यावर भाऊ म्हणाला, चला, आज इथेच राहायचं. पोरांनी जो आरडाओरडा केला तो अजून कानात आहे. तुमच्याकडे बर्फाचा पार्क हे गुपित ठेवता येईल. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटं वेगवेगळी असतात, त्यामुळे तेवढं एक झाकून ठेवणं सोपं आहे.

१३ वर्षांच्या मुलाबद्दल सांगतो, कारण माझाही त्याच वयाचा आहे. या वयात पोरांना लहानांच्या मागं फिरायला लाज वाटते. त्याला काम द्या, आणि खोटंखोटं नको, खरं. पार्कचा नकाशा त्याच्याकडे, कुठल्या क्रमानं जायचं ते त्यानं ठरवायचं, नायट्रोची रांग कधी धरायची त्याचा निर्णय त्याचा. आमचा मुलगा आठवडाभर नकाशा घेऊन बसला होता. एरवी मोबाइलमधून मान वर काढत नाही.

आणि दीर-जावांना आदल्या दिवशी साताऱ्यात मुक्कामाला बोलवा. सांगलीहून पहाटे निघून थेट पार्कात गेलं तर अर्धा दिवस मुलं झोपेतच असतात. येताना भडंग आणायला सांगा, रांगेसाठी नाही, गाडीसाठी. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत.

जुना_मास्तर (वाई)

बकुळताई, तुमच्या कालनिर्णयच्या फुल्यांनी फार आनंद झाला. मी शाळेतून निवृत्त झालोय, सहली पुष्कळ नेल्या. माझं मत असं की मुलाला त्या जागेबद्दल आधी काहीतरी ठाऊक असलं की तिथे पोचल्यावर त्याचे डोळे वेगळे असतात. म्हणून महिनाभरात करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, राजासॉरस. तिथे त्या नावाची होडीची राइड आहे, आणि पुष्कळांना वाटतं की नाव असंच बनवलेलं आहे. तसं नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस हा खरा भारतीय डायनासोर. मांसाहारी, कपाळावर एक बुटकं शिंग. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली गावात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे जीवाश्म सापडले आणि २००३ साली त्याला हे नाव मिळालं. नर्मदेच्या खोऱ्यातला म्हणून नर्मदेन्सिस. आता गंमत पाहा. तो वावरला साधारण ६.७ कोटी वर्षांपूर्वी, आणि आपला अजिंक्यतारा, यवतेश्वर ज्या काळ्या कातळाचे आहेत तो लाव्हा वाहिला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे त्या जनावराचा काळ सरता सरता आपला सह्याद्री घडायला लागला होता. एका रविवारी मुलांना अजिंक्यताऱ्यावर न्या, तिथल्या दगडावर हात ठेवायला लावा आणि ही गोष्ट तिथे सांगा. होडीत बसतील तेव्हा राजासॉरस त्यांच्या ओळखीचा झालेला असेल. वर चढण्याचा सरावही होईल, कारण पार्कात दिवसभर पायपीट असते.

दुसरी, गोटी आणि पुठ्ठा. जाड पुठ्ठ्याची लांब पट्टी पन्हाळीसारखी दुमडा, तिला दोन उंचवटे द्या आणि वरून गोटी सोडा. दुसरा उंचवटा पहिल्याएवढाच ठेवला तर गोटी त्याच्यावर चढत नाही, थोडा बुटका केला की चढते. नायट्रोसारख्या रोलर कोस्टरला आधी ओढून उंच नेतात, आणि तिथून पुढे इंजिन नसतं, उंचीवर साठलेली ऊर्जाच त्याला फिरवते. घर्षणात थोडी थोडी ऊर्जा जात राहते, म्हणून पुढचे चढ बुटके. तुमच्या ९ वर्षांच्या लेकीला हे करू द्या, ती रांगेत उभी राहून सगळ्यांना समजावून सांगेल.

तिसरी गोष्ट सासूबाईंसाठी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांना फक्त सोबत नेऊ नका, प्रवासात त्यांचाही एक भाग असू द्या. पार्काच्या वाटेवर, खोपोलीच्या अलीकडे-पलीकडे अष्टविनायकांतले दोन गणपती आहेत. महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर. (फोनच्या नकाशात ‘महड, तालुका खालापूर’ असं टाका, नाहीतर चवदार तळ्याच्या महाडला जाल. दोन्ही रायगड जिल्ह्यातच आहेत.) पालीच्या देवळात मोठी घंटा आहे, वसईच्या मोहिमेतली, चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाची. तशीच वसईची घंटा आपल्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळापाशी आहे. आधी मेणवलीला जाऊन ती दाखवा, नाना फडणविसांचा वाडाही पाहून होईल. मग पालीला गेल्यावर पोरं स्वतःच म्हणतील, आजी, ही त्या घंटेची बहीण. गोष्ट सांगायचा मान आजीला द्या.

माहुलीकर

मास्तर, हे वाचून मीच मेणवलीला जाऊन यायचं ठरवलंय.

घाटरस्ता (सातारा)

रस्त्याचं मी सांगतो. मी या रस्त्यानं प्रवासी घेऊन जातो.

साताऱ्यातून आनेवाडी, खेड शिवापूरचे टोल, कात्रजच्या बाहेरून देहूरोड, तिथून एक्स्प्रेसवे, खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला बाहेर आणि पाली रस्त्यावर सांगडेवाडी, तिथेच पार्क. चार तास धरा, चहापाण्याला थांबलात तर जास्त. फास्टॅगमध्ये पैसे आदल्या दिवशीच भरून ठेवा, दोन्ही गाड्यांत.

वार महत्त्वाचा आहे. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी घाटात गाडी उभी राहते, मुंबईची गर्दी लोणावळ्याला येते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते. मंगळवार, बुधवार बघा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बसगाड्या लागलेल्या असतात, आठवड्याच्या मधल्या वारीसुद्धा. फेब्रुवारी ठरवलात ते बरं केलंत, दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की सहली थांबतात. मुलांच्या दोन दिवसांच्या रजेचा अर्ज मात्र आत्ताच वर्गशिक्षकांकडे द्या.

म्हातारं माणूस बरोबर असेल तर एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. दिवसभर उभं राहून रात्री घाटातून गाडी आणणं चालवणाऱ्यालाही जड जातं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत महड करा, खोपोलीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी गेट उघडायच्या आधी दारात.

दोनमुलींचीआई

आणखी थोडं आठवलं. नवीन बूट त्या दिवशी घालू नका, दोन आठवडे आधी घेऊन शाळेत घालायला लावा. वॉटर पार्कलाही जाणार असाल तर नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत, सासूबाईंनाही पाण्यात उतरायचं असेल तर त्यांच्यासाठीही बघा. लहानग्याच्या मनगटावर दोन फोन नंबर पेनाने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. हरवलं तर कुठे थांबायचं ती जागा आत शिरल्याबरोबर सगळ्यांनी एकदा बघायची.

पैशांचंही सांगते. आत दुकानं फार आणि मुलं प्रत्येक वस्तूपाशी थांबतात. आमच्या मुलींना सुट्टीआधीच खाऊचे पैसे वेगळ्या बटव्यात साठवायला सांगितले, आजोबांनी दिलेले, वाढदिवसाचे. आत काय घ्यायचं ते त्यांनी त्या पैशांतूनच घ्यायचं. धाकटीनं दिवसभर काहीच घेतलं नाही आणि शेवटी एक छोटा डायनासोर घेतला, त्याला आजही उशाशी घेऊन झोपते.

माहुलीकर

पुसेगावची यात्रा जवळ आली आहे. धाकट्याला तिथल्या पाळण्यात बसवून बघा. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, ट्रेन असतेच. कशात त्याला मजा येते आणि कशात पोटात गोळा येतो ते तुम्हाला आणि त्यालाही कळेल, मग त्याची यादी त्यावरून करा.

बकुळ

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. बर्फाच्या पार्कचं गुपित त्यांना एकदम पसंत पडलं, ते आता फक्त त्यांचं आणि माझं. बाकी सगळं येत्या रविवारी अजिंक्यताऱ्यावर मुलांना सांगायचं, मास्तरांनी सांगितलेल्या राजासॉरसच्या गोष्टीसकट. पुतण्याला फोन करून नकाशाचं काम दिलं, त्यानं लगेच विचारलं की कोणत्या राइडला रांग जास्त असते. सासूबाईंनी महडचं नाव ऐकलं आणि दुर्वा घरच्याच न्यायच्या म्हणून कुंडीला पाणी घातलं. बुधवार धरून दोन दिवस ठरवलेत.

आता एकच विचारायचं राहिलं. मुलीला घाटात उलटी होते. लोणावळ्यापासून खाली उतरताना काय करू?

घाटरस्ता

तिला मधल्या सीटवर, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. पुस्तक, मोबाइल हातात नको, मान खाली गेली की मळमळतं. पोट रिकामं ठेवू नका आणि गच्चही भरू नका, निघताना अर्धी दशमी पुरे. गोळी द्यायची असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि ती घाट लागल्यावर नाही, निघायच्या आधीच द्यायची असते. आवळा सुपारी जवळ ठेवा. लोणावळ्याच्या आधी एकदा गाडी थांबवून सगळ्यांना पाच मिनिटं खाली उतरवा, हवा लागू द्या. चालवणाऱ्याला सांगा, वळणावर ब्रेक नको, वळणाच्या आधी वेग कमी करायचा.

जुना_मास्तर

आणि घाट उतरताना तिला आणि भावंडांना गावांच्या भेंड्या खेळायला लावा. सातारा, रहिमतपूर, रायगाव, वडूज... ‘ज’वर जावळी आहेच.