झाडावरचं घर: 'एकही खिळा न मारता' दोरानं आवळणं हे बोल्टपेक्षा घातक आहे

माळरान (चर्चाप्रस्ताव)

शेतघरं, कृषी पर्यटन केंद्रं, शाळांची आवारं, सगळीकडे हल्ली झाडावरच्या घरांची हौस वाढली आहे. जाहिरातीत हमखास एक वाक्य असतं: 'झाडाला एकही खिळा न मारता'. जवळ जाऊन पाहिलं तर बुंध्याला चारी बाजूंनी वासे लावलेले आणि नायलॉनच्या दोरानं किंवा तारेनं ते करकचून आवळलेले दिसतात. याला झाडाची काळजी म्हणणं मला मान्य नाही.

पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. त्या थराला लागूनच आत एक पातळ जिवंत पापुद्रा असतो, खोड जाड होतं ते त्याच्यामुळे. झाड दरवर्षी जाड होतं, दोर मात्र तेवढाच राहतो. वाढत्या मुलाच्या मनगटात लहानपणची बांगडी रुतावी तसा तो सालीत रुततो आणि अन्नाची वाट चहूबाजूंनी बंद होते. मुळं उपाशी पडतात. झाड वाळवायचं असेल तर लोक सालीचं कडं काढतात. दोरानं तेच होतं, फक्त काही वर्षांत.

बोल्टची जखम एका जागेपुरती राहते. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून आतली कूज तपासली आणि १९७७ साली त्यावरून एक मांडणी केली. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड ती जागा भोवतीनं बंद करून टाकतं आणि इजेनंतर जे नवं लाकूड धरतं त्यात कूज सहसा शिरू देत नाही. हाच आधार घेऊन ओरेगॉनमधल्या मायकेल गार्नियर यांनी १९९०च्या दशकात चार्ल्स ग्रीनवुड या अभियंत्याच्या मदतीनं एक जाड पोलादी बोल्ट तयार केला. त्याला मधे रुंद गळपट्टी असते आणि घराची तुळई खोडापासून अंतर राखून बोल्टच्या बाहेरच्या टोकावर बसते. त्यामुळे साल दबत नाही आणि खोडाला जाड व्हायला जागा राहते.

माझं मत सरळ आहे. भोकं मोजकी पाडा, मोठी पाडा, एकमेकांपासून लांब पाडा. दोन भोकं जवळजवळ असली तर मधलं लाकूड कुजून ती एक होतात. भोक कोरड्या दिवसांत पाडा, पावसाळ्यात नाही. आणि एक गैरसमज: झाड वाढेल तसं घर वर जाईल असं अनेकांना वाटतं. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खोडात मारलेला बोल्ट आहे त्याच उंचीवर राहतो.

माझ्या शेतात एक जुनी चिंच आहे. तिच्यावर आठ बाय आठ फुटांचा मंच करायचा विचार आहे. मतं हवीत, विरोधातली आधी.

पाचोळा

विरोधातलं मत देतो. दोर वाईट हे मान्यच आहे, पण म्हणून बोल्ट चांगला ठरत नाही. पुण्यात आणि इतर शहरांत लोक स्वतःच्या सुट्टीत पक्कड घेऊन झाडांचे खिळे उपटतात, जाहिरातींचे फलक काढतात. 'झाडात धातू ठोकायचा नाही' एवढी साधी गोष्ट आत्ता कुठे लोकांच्या मनात रुजते आहे. त्यात आपण येऊन 'तसा नाही, असा ठोका' म्हणायचं?

दुसरं. हे तंत्र ओरेगॉनच्या डग्लस फर आणि ओकवर वाढलं. आपल्याकडे अशी घरं सर्रास होतात ती आंब्यावर. आंब्याचं लाकूड टिकाऊ नाही, ओल धरली की लवकर कुजतं आणि खोड पोखरणारी भिरूड अळी त्याच्या मागे लागलेलीच असते. चार महिने ओलं राहणाऱ्या बुंध्यात भोक पाडून तिकडच्या अनुभवावर भरवसा ठेवायचा, हे मला पटत नाही.

आणि घर झाडावरच का? ज्वारीच्या राखणीला आपल्याकडे चार मेढींवर माळा उभा करतात. मेळघाटात, ताडोब्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणी पाहायला लोक मचाणावर बसतात. उंच बसायचं असेल तर झाडाशेजारी खांब रोवा. झाडाकडून सावली घ्या, तेवढं पुरे.

माळरान

पाचोळा, खिळे काढणाऱ्यांशी माझं भांडण नाही, ते योग्यच करतात. एका बुंध्यावर पन्नास खिळे म्हणजे पन्नास वेगळ्या जखमा, सगळ्या सालीत आणि तिच्या लगतच्या कोवळ्या लाकडात, शिवाय गंज. मी म्हणतो आहे ते एक-दोन बोल्टबद्दल.

आंब्याचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मीही आंब्यावर, शेवग्यावर, गुलमोहरावर घर बांधू नये असंच म्हणेन. पण चिंचेचं, फणसाचं जुनं लाकूड कठीण असतं. सगळ्या झाडांना एकच न्याय लावू नका.

स्थापत्य_ठाणे

दोघांनीही वजनाचा हिशेब मांडलेला नाही, तो मांडतो. आठ बाय आठ फूट म्हणजे जवळजवळ सहा चौरस मीटर. राहत्या घराच्या जमिनीसाठी आपलं भारतीय मानक चौरस मीटरला साधारण २०० किलो धरायला सांगतं. म्हणजे बाराशे किलो माणसांचे, वर मंचाचं स्वतःचं वजन. आणि यातलं सगळ्यात कमी लेखलं जाणारं ओझं म्हणजे वारा. भिंती आणि छप्पर लावलं की घराला वारा धरतो, आणि तो रेटा बुंध्यावर आणि मुळांवर येतो. मुलांसाठी करायचं असेल तर नुसता कठड्याचा उघडा मंच करा, भिंती नकोत.

दोन झाडांमध्ये घर बांधायचं असेल तर दोन्ही टोकं घट्ट कधीच करू नका. वाऱ्यात प्रत्येक झाड आपापलं डोलतं. एक टोक पक्कं, दुसरं सरकतं ठेवावं लागतं, नाहीतर काही मोसमांत तुळई फुटते किंवा बोल्ट लाकूड फाडतो.

आता पाचोळांच्या खांबांकडे येतो. खांब म्हणजे निरुपद्रवी, हे मला मान्य नाही. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरही जातात. बुंध्यालगत चार खड्डे, त्यात काँक्रीट, आणायला-न्यायला ट्रॅक्टर, म्हणजे मुळं तुटली आणि माती दाबली गेली. दाबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. हे नुकसान लगेच दिसत नाही, तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो तेव्हा कुणाला खड्डे आठवतही नाहीत. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादानं झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं ते उगाच नाही. खांब रोवायचेच तर खड्डे हातानं खणा, मनगटाएवढं मूळ लागलं तर खड्डा सरकवा.

आगर_दापोली

आमच्याकडे पर्यटनवाले नारळ-पोफळीला फळ्या ठोकून 'झाडावरची बैठक' करतात, म्हणून लिहितो. वर शायगोंचं जे सांगितलंत ते माडाला लागू नाही. माडाला तो जिवंत पापुद्राच नसतो, त्यामुळे खोड पुढे जाड होत नाही आणि जखम कधीही झाकली जात नाही. वीस वर्षांपूर्वीचा कोयत्याचा घाव आजही तसाच दिसतो. सोंड्या भुंगा अशाच जखमांत अंडी घालतो. आतून खोड पोखरलं की माड जातो, आणि बाहेरून कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. माडाला बोल्ट नको, खिळा नको, चढायच्या खाचाही नकोत.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्याकडच्या, श्रीवर्धनच्या वाड्या झोपल्या. पिढ्यांची झाडं काही तासांत गेली. ज्या झाडावर घर बांधणार ते असं वादळ झेलेल का, हे आधी बघा. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना हे जाणवत नाही.

एक विचारतो. आम्ही कलमांच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावतो. तुमच्या भोकाला काही लावायचं की नाही?

माळरान

शायगोंचं म्हणणं असं होतं की जखमेवर रंग फासल्यानं आतली कूज थांबत नाही. बोर्डो पेस्ट ही बुरशीनाशक आहे, ती कापलेल्या फांदीवर लावणं वेगळं. बोल्टच्या भोकात मी काही भरणार नाही. बोल्ट घट्ट बसला की भोक त्यानंच बंद होतं.

वळचण

कायद्याचं कुणीच बोललं नाही. महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या कायद्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. शहरात, सोसायटीच्या आवारात असाल तर आधी वृक्ष प्राधिकरणाला विचारा. आपल्या अंगणातलं झाड असलं तरी.

पाटी_पेन्सिल

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पाचोळा, 'सावली घ्या, तेवढं पुरे' हे मला मोठ्या माणसाचं वाक्य वाटतं. झाडाच्या सालीला गाल लावून, मुंग्यांची रांग बघत तासभर बसलेलं मूल त्या झाडावर कुऱ्हाड चालू देणार नाही. खांबांवरच्या मंचावर बसलेल्या मुलाला झाड शेजारी दिसतं, हाताला लागत नाही. उदयपूरमध्ये २०००च्या सुमारास एकानं आंब्यावर अनेक मजली घर बांधलं, फांद्या न तोडता त्या खोल्यांमधून जाऊ दिल्या. एवढं मोठं घर मला नको, पण फांदीला तिची जागा देऊन माणसानं उरलेल्या जागेत बसायचं, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

पाचोळा

बाई, मूल झाडाला बिलगावं हे मलाही हवं आहे. त्यासाठी त्याला झाडावर चढायला शिकवा, बेचक्यात बसू द्या. त्याला बाराशे किलोंचा मंच लागत नाही. झाडावर चढणारं मूल रोज थोडा वेळ असतं, मंच तिथे वर्षानुवर्षं असतो.

स्थापत्य, मुळांचं तुमचं म्हणणं मोलाचं आहे. खांब फांद्यांच्या घेराबाहेर न्या, असं मी आता म्हणेन. बोल्टला मात्र माझा विरोध कायम आहे.

माळरान

तुमचं सगळ्यांचं वाचून आराखडा असा ठरवतो आहे. मंच उघडा, भिंती नाहीत. चिंचेच्या बाजूनं एकच बोल्ट, तुळई त्याच्यावर सरकती. बाहेरच्या बाजूला दोन खांब, खड्डे हातानं. त्याआधी बुंधा लाकडी हातोडीनं ठोकून पाहणार. कुठे पोकळ आवाज आला, बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या उगवलेल्या दिसल्या, तर बोल्ट रद्द.

पाचोळा

चिंचेवर बगळ्यांची वसाहत असते अनेकदा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरटी असतात. तुमच्या चिंचेवर आहे का? असेल तर त्या काळात मंचाचं काय करणार ते लिहा, बोल्टचं नंतर बोलू.

माळरान

आहे. दरवर्षी दहा-बारा घरटी असतात. पावसाला सुरुवात झाली की शिडी काढून गोठ्यात ठेवायची आणि दसऱ्यापर्यंत वर कुणी जायचं नाही. विजांच्या दिवसांत मुलांना झाडावर तसंही चढू देणार नाही. खांबांचं आणि बोल्टचं काम दिवाळीनंतर, घरटी रिकामी झाल्यावर.

स्थापत्य_ठाणे

तुळई आणि खोड यांत किमान दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवा, आणि दर मे महिन्यात मोजा. ते अंतर संपत आलं की तुळई बाहेर सरकवायची, खोड तासायचं नाही. सुताराला हे आधीच बजावून ठेवा.